दुसऱ्याच्या हातचा ‘मी’

विद्यापीठाच्या परीक्षेत दृष्टिहीन विद्यार्थ्याला लेखनिक घेण्याची मुभा असते. विद्यार्थी सांगतो, लेखनिक लिहितो आणि पर्यवेक्षक दोघांवर लक्ष ठेवतो. हे पर्यवेक्षणाचे काम आम्हा दोघांच्याही वाट्याला अनेकदा आले आहे. काही वर्षांपूर्वी एम.ए.च्या एका विद्यार्थिनीने आत्मचरित्रावरील प्रश्नाचे उत्तर सांगून झाल्यावर शेवटचा परिच्छेद वाचून दाखवायला सांगितले. तिने ‘मला हे पटत नाही’ असे सांगितले होते. लेखनिक मुलीने ‘हे पटण्यासारखे नाही’ असे लिहिले होते. त्यात लबाडी मुळीच नव्हती. उत्तरपत्रिकेत ‘मी’ नको, हे शाळेपासून तिच्या हाडीमाशी रुजलेले होते, इतकेच. आमच्या विद्यार्थिनीने मात्र घड्याळात दहा मिनिटे उरलेली असताना ते वाक्य खोडायला लावले आणि ‘मला’ लिहून घेतला. आम्ही नियमाप्रमाणे गप्प होतो.

त्या ‘मला’ची आठवण आम्हाला पुढे अगदी अनपेक्षित ठिकाणी झाली. विख्यात पियानोवादक आणि रचनाकार क्लारा शूमान (1819–1896) हिची बालपणीची दैनंदिनी 1827च्या जूनमध्ये सुरू होते. मी अमुक दिवशी लाइपझिगमध्ये जन्मले, माझे आईवडील असे होते, मी असे शिकले, अशा थाटात ती लिहिलेली आहे. क्लारा तेव्हा अजून आठ वर्षांचीही नव्हती. आणि तो ‘मी’ तिचा नव्हताच. पहिली कित्येक पाने तिचे वडील फ्रीडरिश वीक यांनी स्वतःच्या हाताने, पण मुलीच्या नावाने, प्रथमपुरुषी लिहिलेली आहेत. पुढे क्लारा स्वतः लिहू लागली तेव्हाही वडिलांचा डोळा त्या वहीवर होता, आणि मधूनमधून त्यांचा हातही. आत्मचरित्र शिकवणाऱ्यांनी या वहीचे काय करावे? तिला दैनंदिनी म्हणावे, चरित्र म्हणावे, की बापाने लेकीच्या आवाजात केलेले स्वगत म्हणावे?

हा प्रश्न निव्वळ वाङ्मयप्रकाराचा असता तर आम्ही तो वर्गातच सोडवून मोकळे झालो असतो. पण त्या वहीत एक नोंद आहे. क्लारा चार वर्षांची होऊन गेली तरी बोलत नव्हती. सुटे शब्दसुद्धा तिच्या तोंडून चार आणि पाच वर्षांच्या दरम्यान कधीतरी निघू लागले, आणि दुसऱ्याचे बोलणेही तिला फारसे समजत नसे. घरच्यांना ती बहिरी असावी असे वाटे. तो समज पुरता जायला तिचे आठवे वर्ष उजाडले. वहीतला ‘मी’ याचे खापर सांभाळणाऱ्या बाईवर फोडतो: तीच अबोल होती, मग मूल बोलणार कसे? वहीत न लिहिलेले कारण आपल्याला सहज दिसते. आईवडिलांचे पटत नव्हते. 1824मध्ये आई घर सोडून गेली, आणि त्या काळच्या सॅक्सनीच्या कायद्याने मुलांवर हक्क बापाचा असल्याने क्लारा पाचवा वाढदिवस होताच त्याच्याकडे आली. त्या घरात बोलण्यासारखे काय होते? तिला आजच्या वैद्यकातले एखादे नाव चिकटवण्याची हौस आम्हाला नाही. तिच्या भोवतालच्या मोठ्या माणसांनी तिला ‘वेगळे मूल’ मानले होते, एवढे या लेखापुरते पुरेसे आहे.

आणि याच मुलीला वीकने पियानोपुढे बसवले.

वीकची पद्धत पाहण्याआधी त्या काळात लहान मुलांना हे वाद्य कसे शिकवत, ते सांगितले पाहिजे. पियानो हे वाद्यच मुळी मोठ्या माणसाच्या हाताच्या मापाचे. एका सप्तकाच्या पट्ट्यांची रुंदी सुमारे साडेसोळा सेंटिमीटर. चार-पाच वर्षांच्या मुलाचा पंजा तिथवर पोचत नाही. पट्टी दाबायला लागणारा जोर, खुर्चीची उंची, जमिनीपासून वर लोंबणारे पाय, सगळेच मुलाच्या विरोधात. यावर योहान बर्नहार्ड लोजिए या डब्लिनमध्ये स्थायिक झालेल्या जर्मन शिक्षकाने तोडगा काढला आणि 1814मध्ये त्याचे पेटंट घेतले. त्या साधनाचे नाव ‘कायरोप्लास्ट’, शब्दशः ‘हात घडवणारे’. पट्ट्यांच्या वर दोन समांतर दांड्या बसवायच्या, त्यांच्यामध्ये मनगट अडकवायचे, आणि प्रत्येक बोट पितळी कप्प्यात घालायचे. हात वरखाली हलणार नाही, बोट शेजारच्या पट्टीवर जाणार नाही. एकाच खोलीत अनेक पियानो मांडून अनेक मुलांना एकदम शिकवण्याची सोयही लोजिएने केली. ही पद्धत इतकी गाजली की प्रशियाच्या सरकारने तिची दखल घेतली आणि 1822मध्ये लोजिए स्वतः बर्लिनला शिकवायला गेला. आज हे यंत्र पाहिले की अंगावर शहारा येतो. पण त्याची टिंगल करण्याआधी आपल्या प्राथमिक शाळांतल्या दुरेघी वह्या आणि डावखुऱ्या मुलांच्या हातावर बसलेल्या पट्ट्या आठवाव्यात. हात कसा असावा हे आधी ठरवून मग मूल त्यात बसवायचे, ही कल्पना लोजिएची एकट्याची नव्हती.

वीकला लोजिएच्या पद्धतीतला सामूहिक शिक्षणाचा भाग आवडला होता. क्लाराचे धडे त्याने दुसऱ्या एका मुलीबरोबर सुरू केले. पण एका बाबतीत त्याने वेगळी वाट धरली. पहिले वर्षभर त्याने क्लारापुढे स्वरलिपीचा कागद ठेवलाच नाही. पट्ट्या हाताने ओळखायच्या, तो वाजवेल ते ऐकून वाजवायचे, लहान लहान तुकडे निरनिराळ्या स्वरांवरून फिरवून पाहायचे. असे तुकडे तो स्वतः रचत असे. जे मूल बोलणे समजत नाही असे सगळ्यांना वाटत होते, त्याला त्याने शब्दांच्या आणि खुणांच्या आधी कानाने शिकवले. 1853मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘क्लाव्हियर उंड गेझांग’ या पुस्तकातही वाचन मागाहून, आधी कान आणि बोट, हाच त्याचा आग्रह आहे.

विसाव्या शतकात जपानमध्ये शिनिची सुझुकी (1898–1998) यांनी हेच सूत्र व्हायोलिनसाठी ‘मातृभाषेची पद्धत’ म्हणून मांडले. मूल भाषा जशी ऐकत, घोकत, आईच्या सहवासात शिकते, तसे संगीत शिकावे, लिपी नंतर. पुढे ही पद्धत पियानोलाही लावली गेली आणि तीन-चार वर्षांची मुले तिच्या आधारे वाजवू लागली. भाषेच्या प्राध्यापकांना हे रूपक गोड वाटणारच. पण क्लाराच्या बाबतीत ते उलटे करून वाचावे लागते. तिची मातृभाषाच अडखळलेली होती. संगीत मातृभाषेसारखे आले असे म्हणण्यापेक्षा, मातृभाषेच्या जागी आधी संगीत आले असे म्हणावे लागेल. 1828च्या ऑक्टोबरमध्ये, नऊ वर्षांची असताना, ती लाइपझिगच्या गेवांडहाउसमध्ये प्रथम वाजवायला बसली.

इथे वीकची आरती ओवाळून थांबणे सोपे आहे. पण ते खरे होणार नाही. 1830पासून त्याच्याकडे शिकणाऱ्या तरुण रॉबर्ट शूमानने 1831च्या आपल्या रोजनिशीत त्या घरातला एक प्रसंग टिपला आहे. क्लाराचा धाकटा भाऊ आल्विन व्हायोलिन नीट वाजवत नाही म्हणून वीकने त्याला केसांना धरून फरफटवले, मुलगा गयावया करत राहिला, आणि क्लारा मंद हसत पियानोपाशी जाऊन वेबरचा सोनाटा वाजवू लागली. शूमान हादरला होता. आम्हीही हादरलो, ते विशेषतः त्या हसण्याने. मुलीच्या अबोलपणापुढे इतका धीर धरणारा शिक्षक मुलाच्या कच्चेपणापुढे असा होता. मग त्या धीराचे मोल काय? मुलीत त्याला स्वतःच्या पद्धतीची जाहिरात दिसत होती, हे उत्तर पुरेसे आहे का? आम्हाला ते अर्धे खरे वाटते. वर्षभर कागद बाजूला ठेवणे ही जाहिरात नव्हे. ते निरीक्षण होते. पण ज्या हाताने ते निरीक्षण केले, त्याच हाताने पुढे तिच्या नावाने ‘मी’ लिहिला, हेही तितकेच खरे.

क्लाराच्या जन्मापूर्वी साठ वर्षे, 1759मध्ये, व्हिएन्नात मारिया तेरेझिया फॉन पाराडिस जन्मली. अगदी लहानपणी तिची दृष्टी गेली. वडील दरबारी अधिकारी असल्याने शिक्षक उत्तम मिळाले: पियानोला कोझेलुख, गायनाला सालिएरी. 1777मध्ये, ती अठरा वर्षांची असताना, मेस्मरने आपल्या चुंबकीय उपचारांनी तिला थोडेफार दिसू लागल्याचा दावा केला. तिच्या वडिलांनी त्या दिवसांचा जो वृत्तान्त लिहिला त्यातला एक तपशील आम्हाला सोडवत नाही. दिसू लागल्यावर तिचे वादन बिघडले. पूर्वी गप्पा मारता मारता अख्खा कंचेर्तो वाजवणारी मुलगी आता स्वतःच्या बोटांकडे बघत बसे आणि पट्ट्या चुकवी. लवकरच आईवडिलांनी तिला मेस्मरकडून परत नेले. राणीने दिलेले निवृत्तिवेतन बंद होण्याची भीती त्यामागे होती असे मेस्मरच्या बाजूचे लोक म्हणत. दृष्टी पुन्हा गेली, वादन परत आले. ही कथा खरी किती आणि वादविवादात रंगलेली किती, हा इतिहासकारांचा प्रश्न आहे. शिक्षकाने मात्र त्यातून एवढे जरूर वाचावे, की पाराडिसचे हात ‘डोळ्यांविना चालणारे हात’ नव्हते. ते आपल्या पद्धतीने पूर्ण होते, आणि डोळ्यांची भर पडताच त्यांच्या व्यवस्थेत अडथळा आला.

1784मध्ये पाराडिस मैफली करत पॅरिसला गेली. तिथे तिला व्हालांतँ आवी भेटला. या गृहस्थाने 1771मध्ये पॅरिसच्या एका जत्रेत एक दृश्य पाहिले होते. एका अनाथाश्रमवजा संस्थेतील अंध माणसांना विदूषकी झगे, उंच टोप्या आणि भलेमोठे चष्मे चढवून, पुढे स्वरलिपीचे कागद मांडून बेसूर वाद्ये वाजवायला लावले होते, आणि लोक हसत होते. ज्यांना दिसत नाही त्यांच्यापुढे वाचायला कागद, हाच त्या विनोदाचा गाभा. तेरा वर्षांनी त्याच शहरात एक अंध तरुणी पियानोपुढे बसली आणि लोक हसले नाहीत. आवीने तिच्याकडून तिची साधने समजून घेतली. पत्रव्यवहारासाठी तिच्याकडे फॉन केम्पेलेन याने बनवून दिलेले हातछापयंत्र होते. त्यानंतर लगेचच पॅरिसमध्ये दृष्टिहीन मुलांसाठी आवीची शाळा उभी राहिली. पाराडिसने स्वतः 1808मध्ये व्हिएन्नात मुलींसाठी संगीतशाळा काढली आणि अखेरपर्यंत तीत शिकवले. या सगळ्या इतिहासात जी विद्यार्थी होती तीच शिक्षक झाली, अशी उदाहरणे थोडी. म्हणून तिचा उल्लेख ओझरता नको.

आवीच्या शाळेत 1819मध्ये दहा वर्षांचा लुई ब्रेल दाखल झाला. ब्रेलचे नाव निघाले की आपल्याला अक्षरे आठवतात. पण 1829मध्ये त्याने प्रसिद्ध केलेल्या पुस्तकाच्या शीर्षकातच शब्दांच्या जोडीला संगीत आहे: ठिपक्यांनी शब्द, संगीत आणि चर्चमधले गायन कसे लिहावे, हा त्याचा विषय. ब्रेल स्वतः पियानो आणि ऑर्गन वाजवत असे, पॅरिसच्या चर्चमध्ये ऑर्गनवादक होता. तोवर शाळेत संगीत पाठांतराने चाले, म्हणजे शिकवणाऱ्याला जे वाजवून दाखवावेसे वाटेल तेवढेच मुलाच्या वाट्याला येई. पुढे रूढ झालेल्या ब्रेल स्वरलिपीत पाच रेघा नाहीत. ‘डी’पासून ‘जे’पर्यंतच्या सात अक्षरांच्या चिन्हांना सात स्वर दिलेले आहेत आणि खालचे ठिपके वाढवले की स्वराची लांबी बदलते. एकच चिन्ह पूर्ण स्वराचेही असते आणि त्याच्या सोळाव्या भागाचेही; कोणता घ्यायचा ते मात्रांच्या हिशेबाने वाचणाऱ्याने ठरवायचे. आमच्या काव्यशास्त्रातल्या संदर्भाधीन अर्थाला याहून चांगले उदाहरण वर्गात आम्हाला सापडलेले नाही. पियानो वाजवणाऱ्या मुलाला मात्र आणखी एक अडचण आहे. वाचायलाही हातच लागतो. मग एका हाताने वाचत दुसऱ्याने वाजवायचे, नंतर हात बदलायचे, आणि दोन्ही पाठ झाले की जोडायचे. दिसणारे मूल कागद बघून अडखळत का होईना दोन हातांनी लगेच वाजवते. न दिसणाऱ्याने वाजवले म्हणजे ते पाठच असते.

या लिपीला विरोध झाला तो तिच्या याच गुणामुळे. डोळस शिक्षकांना ती वाचता येत नव्हती. उठावाची रोमन अक्षरे कितीही गैरसोयीची असली तरी डोळसांना ओळखू येत. ठिपके येत नसत. 1840च्या सुमारास नव्या संचालकाने शाळेत ती बंद केली, 1844मध्ये ती पुन्हा मान्य झाली, आणि फ्रान्समध्ये तिला अधिकृत स्थान मिळाले ते 1854मध्ये, ब्रेलच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. मुलाने लिहिलेले शिक्षकाला वाचता येणार नाही, ही गोष्ट शिक्षकाला किती असह्य होते! वीकने वही आपल्याच अक्षरात का लिहिली असावी, याचा एक सुगावा इथे लागतो.

याच शाळेत क्लोद माँताल या विद्यार्थ्याने आणि त्याच्या एका मित्राने शाळेचे पियानो स्वतःच सुरात लावायला सुरुवात केली, तेव्हा नेहमीच्या डोळस कारागिराने तक्रार केली आणि त्यांना मनाई झाली. त्यांनी एक जुना पियानो मिळवला, खोलून पाहिला, दुरुस्त केला. 1836मध्ये माँतालचे सूर लावण्याच्या कलेवरचे पुस्तक निघाले आणि पियानो-ट्यूनरचा व्यवसाय दृष्टिहीनांसाठी खुला झाला.

आपल्याकडे कुरुंदवाडला फटाक्याच्या अपघातात विष्णु दिगंबर पलुस्करांचे डोळे अधू झाले, आणि त्यांना मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकायला पाठवले गेले. शालेय शिक्षण थांबले म्हणून गाणे: वडीलधाऱ्यांचा हा हिशेब पॅरिसमध्ये आणि कुरुंदवाडात सारखाच होता. पुढे 1901मध्ये लाहोरला विद्यालय काढून, स्वरलेखनपद्धती रचून पलुस्करांनी तो हिशेब कुठवर नेला हे सर्वांना ठाऊक आहे.

थॉमस विगिन्सला असे काही करता आले नाही. 1849मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात तो गुलाम आईबापांच्या पोटी जन्मला, अंध. पुढच्याच वर्षी आईबापांसह तो बेथून नावाच्या मालकाला विकला गेला. मालकाच्या मुली पियानो वाजवत, ते ऐकून चार-पाच वर्षांच्या मुलाने वाजवायला सुरुवात केली. एकदा ऐकलेले त्याला वाजवता येई. मालकाने शिकवणी लावली, आठव्या वर्षी रंगमंचावर उभे केले आणि नंतर एका प्रयोगवाल्याला भाड्याने दिले. 1860मध्ये ‘ब्लाइंड टॉम’ने अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांपुढे वाजवले. पुढे गुलामी संपली, पण टॉम सुटला नाही. त्याला अक्षम ठरवून पालकत्व बेथून घराण्यातच राहिले, आणि त्याच्या मिळकतीवरून कोर्टकज्जे झाले. बहुधा तो आज ज्याला स्वमग्नता म्हणतात तशा मुलांपैकी असावा, असे अलीकडचे अभ्यासक मानतात. 1908मध्ये तो वारला.

रंगमंचावर टॉम स्वतःची ओळख तृतीयपुरुषात करून देई. आता टॉम अमुक वाजवील, अशा धर्तीवर. हे त्याच्या अवस्थेचे लक्षण होते, की बालपणापासून ऐकलेल्या सूत्रधाराच्या बोलांची नक्कल, की दोन्ही, हे आम्ही ठरवू शकत नाही. त्याच्याबद्दल लिहिणाऱ्यांनी तृतीयपुरुष कधी सोडलाच नाही. विला कॅथरने त्याला पाहिले होते आणि 1918च्या ‘माय अँटोनिया’ या कादंबरीत त्याच्यावरून एक अंध वादक रंगवला. ते पान ती एरवी ज्या सहृदयतेसाठी वाचली जाते तिच्याशी विसंगत आहे. वर्णद्वेषाने बरबटलेले आहे. कादंबरी अभ्यासक्रमात असेल तिथे हे पान वगळून पुढे जाण्याची पद्धत आम्हाला गैर वाटते. ते वाचावे आणि शेजारी टॉमच्या रचना ऐकाव्यात. वादळाच्या पावसावरची रचना त्याने अगदी लहानपणी केली असे सांगतात.

ह्या ‘मी’ आणि ‘तो’मध्ये ‘तू’ म्हणणारे कुणी होते का? 1959मध्ये इंग्लंडमधल्या सनफील्ड या मुलांच्या निवासी संस्थेत पॉल नॉर्डॉफ हा अमेरिकन रचनाकार आणि क्लाइव्ह रॉबिन्स हा तिथला शिक्षक एकत्र काम करू लागले. खोलीत एक पियानो, ढोल, झांज आणि एक मूल. बहुतेकदा न बोलणारे. नॉर्डॉफ पियानोवर बसे, रॉबिन्स मुलाजवळ. मुलाने काय वाजवावे हे ठरलेले नसे. मूल ढोलावर वेडेवाकडे मारी, त्या लयीला नॉर्डॉफ स्वर देई. त्यांच्या पुस्तकात नोंदलेल्या एका मुलाच्या बाबतीत तर मूल फक्त किंचाळत होते. नॉर्डॉफने त्या किंकाळीचा स्वर पट्ट्यांवर पकडला, तिच्याभोवती सुरावट विणली, आणि काही वेळाने किंकाळी स्वरांना धरून येऊ लागली. मुलाचे नाव घेऊन स्वागताचे गाणे म्हणायचे, हाही त्यांचा प्रघात. हे सगळे ते ध्वनिफितीवर घेत आणि मुलाने कधी काय केले ते मागाहून पुन्हा पुन्हा ऐकत. कायरोप्लास्टपासून निघालेला प्रवास इथे उलटा झाला: हात मुलाचा नव्हे, शिक्षकाचा घडवायचा.

तरीही आमची एक कुरकुर आहे. नॉर्डॉफ-रॉबिन्सच्या कामाला ‘संगीतोपचार’ असे नाव पडले, आणि ते त्यांच्यापुरते बरोबरच होते. पियानो शिकवणे हा त्यांचा उद्देश नव्हता. पण त्या नावाची सावली लांब पडली. आज एखादे मूल पियानोच्या वर्गाला गेले की तो छंद असतो, शिक्षण असते. बोलायला उशीर झालेले मूल त्याच वर्गाला गेले की शेजारीपाजारी विचारतात, ‘फरक पडतोय का?’ पहिल्याला चांगले वाजवण्याचा हक्क आहे आणि वाईट वाजवण्याचाही. दुसऱ्याने वाजवलेल्या प्रत्येक स्वरातून सुधारणेचा पुरावा निघाला पाहिजे. पाच वर्षांच्या क्लाराला आज कुठे पाठवले असते, असे आम्ही वर्गात विचारले तेव्हा बहुतेकांचे उत्तर उपचारकेंद्र असे आले. एका विद्यार्थ्याने विचारले, ‘दोन्हीकडे का नाही?’ त्याचा धाकटा भाऊ दोन्हीकडे जातो, असे त्याने नंतर सांगितले.

परीक्षेतल्या त्या विद्यार्थिनीची उत्तरपत्रिका आमच्याकडे तपासायला येणे शक्य नव्हते. तो खोडलेल्या वाक्याचा कागद पुढे कुणाच्या हाती पडला आणि त्या ‘मला’चा गुण कापला गेला की नाही, ते कळायला मार्ग नाही. यंदा आत्मचरित्राच्या पहिल्या तासाला आम्ही वीकची वही घेणार आहोत. ती पाने कुणाच्या अक्षरात आहेत हे वाचण्यापूर्वी सांगायचे की वाचून झाल्यावर, यावर आम्हा दोघांत अजून एकमत झालेले नाही.